दात जुळले म्हणे!

आमच्या वेंगुर्ल्याच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद चालू आहे. कुठल्याशा खटल्यात अंगावरच्या चाव्याच्या खुणांशी ताडून पाहायला पोलिसांनी संशयिताच्या दातांचे साचे घेतल्याची बातमी आली आणि चुलतभावाने तिथल्या तिथे निकाल लावला: "दात जुळले मा, मगे आणखी कसलो पुरावो व्हयो?"

मी राहतो अमेरिकेत, न्यूपोर्ट न्यूज शहरात. इथेच १९८२ मध्ये एका घरात खून आणि बलात्कार झाला. हल्लेखोर नौदलाच्या गणवेशात होता, म्हणून गोदीतल्या जहाजावरच्या खलाशांचे दात तपासले गेले. कीथ हारवर्डचे 'जुळले'. दंततज्ज्ञांनी तसं शपथेवर सांगितलं. २०१६ मध्ये डीएनएवरून खरा गुन्हेगार दुसराच खलाशी निघाला, तोवर हारवर्डची ३३ वर्षं तुरुंगात गेली होती.

भाऊ म्हणतो, म्हणजे चूक तुमच्याच अमेरिकेची! असेल. पण इथे २००९ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं छापून टाकलं, पुढे निस्ट या मोजमाप-मानकांच्या सरकारी संस्थेनेही तेच म्हटलं. कातडी ताणते, सुजते. पुळणीवर लाट येऊन गेल्यावर पाऊल कुणाचं ते सांगा बघू. शिवाय पुढचे मोजके दात प्रत्येकाचे कातडीवर वेगळे ओळखू येतील असे उमटतात, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. मृतदेह दातांवरून ओळखतात ते निराळं. तिथे अख्खा जबडा, फिलिंग, जुने एक्स-रे हाताशी असतात.

मग त्याने निर्भया काढलं. धारवाडच्या तज्ज्ञाने चाव्यांच्या खुणा जुळवल्या होत्या, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तो पुरावा मानला. खरं आहे. पण तिथे डीएनए होता, तिचे मृत्यूपूर्व जबाब होते. नुसत्या दातांवर ती फाशी उभी नव्हती. यावर उत्तर आलं: "तू थंय बसान आमका शिकव नको."

हे मात्र लागलं. यंदा मला इथल्या कोर्टाचं ज्युरीसाठी पत्र आलं. शेजाऱ्याचं आडनाव मला धड उच्चारता येत नाही, पण त्याच्या गावच्या माणसाचा निवाडा मी करायचा. आणि वेंगुर्ल्यात, जिथे कुणाचं घर कुणाशी का बोलत नाही ते मला तोंडपाठ, तिथे मी फक्त 'अमेरिकेचो'. चिडलोय तो दातांवरून की यावरून, देव जाणे.

निस्टचा अहवाल काल ग्रुपवर टाकला. कुणी उघडला नसावा. त्याखाली जत्रेच्या वर्गणीची यादी आली, त्यात माझं नाव आधीच घातलेलं, आकड्यासकट.