भरलेले ऑलिव्ह म्हणजे लोणचं, त्याने बीपीची गोळी सुटत नाही

मंगळवारी परभणीहून आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "गोळी बंद केलीय बग चार दिवसापासून, आता त्या हिरव्या फळावरच भागायलंय." कोणतं हिरवं फळ गं? तर बाटलीतलं, आत लाल मिरची भरलेलं. म्हणजे स्टफ्ड ऑलिव्ह. आतेभाऊ संभाजीनगरला गेला होता तेव्हा मॉलमधून बरणी घेऊन आला, कारण आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय आणि तो सगळ्यांनी वाचलाय, पुढं पाठवलाय, एकानं पण विचारलं नाही की हे खरंय का.

मेसेज असा आहे: रोज 15 स्टफ्ड ऑलिव्ह खा, त्यातलं मीठ नैसर्गिक असल्याने बीपी वाढत नाही उलट उतरतं आणि गोळी सुटते, बाटलीतलं पाणी पण फेकू नका, पिऊन टाका, सत्त्व त्यातच आहे. शेंगदाण्यापेक्षा जास्त प्रोटीन, दुधापेक्षा जास्त कॅल्शियम, रक्तवाढीला लोह, कॅलरी शून्य, परदेशी संशोधनात सिद्ध.

आधी मिठाचं बोलतो कारण जीवावर बेतणारं तेच आहे.

ऑलिव्हच्या झाडावरच्या फळात मीठ नसतंच मुळी. कच्चं फळ इतकं कडू असतं की तोंडात धरवत नाही, त्यात ओल्युरोपीन नावाचं द्रव्य असतं. तो कडवटपणा काढायला हिरवी फळं बहुतेक वेळा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात, मग धुऊन मिठाच्या पाण्यात आंबवायला घालतात, कित्येक महिने. मग बी काढायची, आत लाल मिरचीचं किंवा चीजचं सारण भरायचं आणि परत मिठाच्या पाण्यात बरणीबंद. म्हणजे हे सगळं मीठ माणसानं घातलेलं आहे, नैसर्गिक कुठून आलं? आत्याला मी म्हणलं, तू भोकराचं लोणचं घालतेस, बी काढून आत मसाला भरतेस, तेच आहे हे. तू स्वतः ताटात एक भोकर वाढतेस, दुसरं मागितलं तर ओरडतेस. मग ह्याचे पंधरा कसे काय चालतात?

आकडे बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नघटकांचा तक्ता नेटवर कुणालाही फुकट बघता येतो. त्यात मिठाच्या पाण्यातल्या 100 ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये सोडियम 1,556 मिलिग्रॅम दिलंय. मधल्या आकाराचा एक ऑलिव्ह तीन-साडेतीन ग्रॅमचा धरला तर पंधराचे झाले साधारण 50 ग्रॅम, म्हणजे पावणेआठशे मिलिग्रॅम सोडियम, मिठाच्या हिशोबात जवळजवळ 2 ग्रॅम. आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून 2,000 मिलिग्रॅमच्या आत सोडियम सांगते, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, एक छोटा चमचा पण पूर्ण नाही. त्यातलं जवळपास चाळीस टक्के ह्या मधल्या वेळच्या खाण्यातच संपलं, अजून वरण आहे, भाजी आहे, ठेचा आहे, पापड आहे. सारण कशाचं आहे, कंपनी कोणती आहे त्यावर आकडा थोडा इकडं तिकडं होईल पण बरणीवर सोडियम लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

आणि ते पाणी! आत्या रोज सकाळी अर्धा कप प्यायली ते पाणी, चार दिवस. बीपीच्या माणसाला मिठाचं पाणी प्यायला सांगणाऱ्याला काय म्हणावं. मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, बीपी चढतं, गोळी द्यायची ती हे आटोक्यात ठेवायला आणि हे म्हणतात गोळी सोडा आणि मीठ प्या. बीपीच्या काही गोळ्या तर अशा असतात की एकदम तोडल्या तर बीपी उसळी मारतं. हे कुणाच्या घरात घडलं तर मेसेज पाठवणारा येणार आहे का दवाखान्यात बसायला?

बाकीचं पटकन सांगतो. प्रोटीन 100 ग्रॅमला जेमतेम 1 ग्रॅम आहे, शेंगदाण्यात 25 च्या आसपास, तुलनाच होत नाही. कॅल्शियम 52 मिलिग्रॅम, दुधात ह्याच्या दुपटीहून जास्त. कॅलरी शून्य नाही, 145 आहेत आणि त्या बहुतेक तेलाच्या आहेत, ज्या फळातून तेल काढतात त्यात कॅलरी नसतील कशा?

लोहाची गंमत वेगळी आहे. डब्यातल्या काळ्या ऑलिव्हमध्ये 6 मिलिग्रॅमच्या वर लोह दिसतं ते खरं, पण त्यांचा काळा रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट नावाचं लोहाचं क्षार घालतात, आकडा वाढतो तो त्याच्यामुळं. भरलेले मिळतात ते जास्त करून हिरवे, त्यात अर्धा मिलिग्रॅम. रक्तवाढीचंच बघायचं असेल तर ज्या परभणीत आत्या राहते तिथल्याच कृषी विद्यापीठाच्या नावानं 'परभणी शक्ती' हे जास्त लोह आणि जस्त असलेलं ज्वारीचं वाण आहे, त्याची भाकरी खा की.

परदेशी संशोधन म्हणजे बहुतेक स्पेनचं प्रेडिमेड, तिकडच्या भूमध्यसागरी आहारानं हृदयविकार-पक्षाघात टळतात का हे तपासणारा अभ्यास. 2013 ला छापून आलं, गट पाडण्यात चुका निघाल्या म्हणून 2018 ला मागं घेऊन दुरुस्त करून परत छापलं, निष्कर्ष साधारण तोच राहिला, की त्या आहारानं असे आजार कमी होतात. पण त्यात लोकांना एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल दिलं होतं नाहीतर अक्रोड-बदामासारखा सुकामेवा. भरलेले ऑलिव्ह कुणाला खाऊ घालून तपासलेले नव्हते. तेलात मीठ नसतं.

आता जे खरंय ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा उगीच विरोधात बोलायलाय. ऑलिव्हमधलं तेल चांगलं असतं, बहुतेक ओलेइक आम्ल, हृदयाला बरं. साखर जवळपास नसते. तळलेल्या शेव-चिवड्याच्या मूठभर बकाण्यापेक्षा चार-पाच ऑलिव्ह साध्या पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून खाल्ले तर काही बिघडत नाही, भिजवल्यानं थोडं मीठ पण उतरतं. पण ओलेइक आम्ल शेंगदाण्यात पण भरपूर आहे, आणि ते खारे नसले तर मिठाचा प्रश्नच नाही.

आत्याला त्याच संध्याकाळी मामा डॉक्टरकडं घेऊन गेले, बीपी 170 च्या पुढं निघालं. गोळी परत सुरू आहे. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय त्यांनी आजच्या आज खाली लिहा की गोळी बंद करू नका आणि बाटलीतलं पाणी पिऊ नका, कारण तुम्ही तो कुणाकुणाला पाठवला ते तुम्हालाच माहीत आहे.