छत्तीसचा आकडा

मराठी घरात संभाव्यता कुणाला शिकवावी लागत नाही. ती सगळ्यांना येतेच, आणि दुखणं तिथेच आहे. पाऊस पडेल का? "पडला तर पडला, नाही तर नाही. फिफ्टी-फिफ्टी." मुलीला हवं ते कॉलेज मिळेल का? फिफ्टी-फिफ्टी. लॉटरीचं पहिलं बक्षीस? लागेल किंवा लागणार नाही, म्हणजे... इथे मात्र बोलणारा जरा अडखळतो. हिशेब खरा असता तर दर दोन तिकिटांमागे एक बंगला उभा राहिला असता, हे त्यालाही कळतं. पण बोलण्यात खोट नेमकी कुठे आहे, असं विचारलं की सगळे एकदम चहाकडे वळतात.

या खोटीवरचं औषध दहावीच्या गणित भाग १ मध्ये, पाचव्या प्रकरणात, अगदी सुरुवातीला दिलेलं आहे. त्याचं नाव नमुना अवकाश. हा शब्द ज्याने घडवला त्याला माझा साष्टांग नमस्कार. 'नमुना' हे आपण एरवी कुणाला म्हणतो ते सांगायला नको. 'अवकाश' म्हणजे एकतर 'मुहूर्ताला अजून अवकाश आहे' यातला, नाहीतर यानं जातात तो. दोन्ही जोडले की पोराच्या डोळ्यांपुढे रॉकेटमध्ये बसून निघालेला एखादा विक्षिप्त काका उभा राहतो. धडा समजावणाऱ्याची पहिली दहा मिनिटं त्या काकाला जमिनीवर उतरवण्यात जातात.

अर्थ तसा सरळ आहे. नाणं, फासा, पत्ता, जे काही टाकायचं किंवा काढायचं असेल ते करण्याआधी, काय काय होऊ शकतं त्याची पूर्ण यादी. एकही नोंद सुटायची नाही, एकही दोनदा यायची नाही. स्वल्पविराम देत देत महिरपी कंसात बसवली की झाला नमुना अवकाश, एस. त्यात नोंदी किती, ते एन(एस). लग्नाच्या आमंत्रणांची यादी ज्यांनी केली आहे त्यांना या दोन अटी नव्याने सांगायला नकोत. मात्र आमंत्रणाच्या यादीत नसलेली एक तिसरी अट इथे आहे आणि आपटतात ते सगळे तिथेच. नोंदी मोजून भागाकार (आपल्या बाजूच्या नोंदी भागिले एकूण नोंदी) करायचा असेल तर प्रत्येक नोंद सारख्या वजनाची हवी. पुस्तकी शब्द: समसंभाव्य. 'पाऊस पडेल, पडणार नाही' ही यादी पूर्ण आहे, बिनचूक आहे. पण नोंदी दोन आहेत म्हणून दोघींना अर्धा-अर्धा वाटा देणं म्हणजे पंगतीत पहिलवान आणि तान्हं बाळ शेजारी बसवून दोघांनाही मोजून दहा-दहा जिलब्या वाढणं.

एका नाण्याला कुणाची तक्रार नसते. छापा, काटा, संपलं. (मागच्या बाकावरून "कडेवर उभं राहिलं तर?" हे येतंच. तर पुन्हा उडवायचं. यादी आपण आधी ठरवतो, नाणं ठरवत नाही.) छळ सुरू होतो दोन नाण्यांपासून. डोळ्यांना तीनच गोष्टी दिसतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक-एक. म्हणून एक-एक येण्याची शक्यता एक तृतीयांश, असं वहीत लिहिलं जातं, खाली दोन रेघाही मारल्या जातात. खरं उत्तर आहे अर्धं.

इथे वाद घालू नये. एक रुपयाचं एक नाणं घ्यावं, पाचाचं एक घ्यावं. रुपया छापा आणि पाचाचा काटा ही एक नोंद. रुपया काटा आणि पाचाचा छापा ही दुसरी. आता चार झाल्या आणि चारही सारख्या वजनाच्या. लगेच प्रश्न येतो, "दोन्ही रुपयाचीच घेतली तर?" तरी चारच. आपल्याला दोन नाणी वेगळी ओळखता येत नाहीत, हे नाण्यांना ठाऊक नसतं. जुळी मुलं सारखी दिसतात म्हणून शाळा एकाचीच फी घेत नाही.

या जागी चुकलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण संगत मोठी आहे. दालाँबेर हा फ्रेंच गणिती काही लल्लूपंजू नव्हता. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात त्याने छापा-काट्यावर नोंद लिहिली. प्रश्न होता, दोन फेकींत निदान एक छापा येण्याची शक्यता किती? तो म्हणाला, पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ तिथेच संपला, दुसरी फेक हवी कशाला? म्हणजे यादी तिघांची: छापा, काटा-छापा, काटा-काटा. तिघांतले दोन आपल्या बाजूचे, म्हणून दोन तृतीयांश. यादीत काही सुटलेलं नाही, काही दोनदा आलेलं नाही. पण पहिला 'छापा' एकटा अर्ध्याचा धनी आहे, बाकीच्या दोघांकडे पाव-पाव. खरं उत्तर तीन चतुर्थांश. पहिलवान आणि बाळ, विश्वकोशातल्या पंगतीत.

तीन नाण्यांना आठ नोंदी होतात. पोरं त्या आठवेल तशा लिहितात, त्यामुळे सहावर अडतात नाहीतर नवव्या नोंदीपाशी जाऊन चक्रावतात. आठवायचं काही नाही, रकाने पाडायचे. पहिल्या रकान्यात वरून खाली चार छापा, मग चार काटा. दुसऱ्यात दोन छापा, दोन काटा, पुन्हा दोन-दोन. तिसऱ्यात एकाआड एक. आडव्या ओळी वाचल्या की आठ नोंदी हातात, सुटायला जागाच नाही.

आता फासे. दोन फासे आणि ३६ नोंदी. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून का बसले आहेत, ते हा धडा शिकवताना कळतं. पोरगं (३,४) लिहितं आणि (४,३) पाशी थांबतं. "हे आलं की मघाशी." नाही आलं. लाल फाशावर तीन आणि पांढऱ्यावर चार हे वेगळं, लालवर चार आणि पांढऱ्यावर तीन हे वेगळं. "बरं," म्हणत ते जोड्या उलटवायला लागतं आणि त्या भरात (३,३) सुद्धा दोनदा लिहितं. काही पोरं ४२ वर पोचतात, काही २१ वर, आणि वहीवर एकाच घरातल्या दोन पिढ्या बोलेनाशा होतात.

तक्ता आखावा. वर पांढऱ्या फाशाचे १ ते ६, डाव्या बाजूला लालचे १ ते ६, मध्ये ३६ घरं. (३,३) ला एकच घर का, ते बोटाने दाखवता येतं: तिसरी ओळ आणि तिसरा रकाना एकाच ठिकाणी भेटतात, त्यांना दुसरीकडे भेटायची सोय नाही. मग प्रत्येक घरात बेरीज लिहावी. सात तिरपे उतरतात, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, सहा घरं. बारा बिचारा खालच्या कोपऱ्यात एकटा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दोघे शेजारी-शेजारी नांदत असले तरी फाशांच्या गावनमुन्यात साताची जमीन बाराच्या सहापट आहे. दोनपासून बारापर्यंतच्या बेरजांची घरं मोजली की १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ असा डोंगर मिळतो. त्यांची बेरीज ३६ आली नाही तर कुठलं तरी घर चुकीच्या नावावर चढलं आहे.

२१ ची यादी धरून बसलात तर काय बिघडतं? दोन्ही फाशांवर सारखाच आकडा येण्याची शक्यता २१ पैकी ६, म्हणजे दोन सप्तमांश निघते. खरी आहे ३६ पैकी ६, एक षष्ठांश. पैसे लावून खेळणाऱ्याला हा फरक वहीतल्या लाल शेऱ्यापेक्षा लवकर समजतो. सतराव्या शतकात इटलीतल्या जुगाऱ्यांना तो तीन फाशांवर जाणवला होता. तीन फाशांची बेरीज नऊ सहा प्रकारे होते, दहाही सहाच प्रकारे होते, तरी दहा जरा जास्त वेळा पडतात. कोडं गॅलिलिओपर्यंत गेलं. त्याने सांगितलं की प्रकार मोजू नका, घरं मोजा. १-२-६ सारखे तिन्ही आकडे वेगळे असतील तर त्यांची सहा घरं, १-४-४ ची तीन, आणि ३-३-३ चं फक्त एक. नवाच्या वाट्याला २१६ पैकी २५ घरं, दहाच्या २७. नुसते फासे टाकून टाकून हा एक टक्क्याहूनही कमी फरक ज्यांच्या लक्षात आला, त्यांनी किती रात्री त्यात घातल्या असतील, याचा विचार न केलेला बरा.

इतकं होऊन पोराच्या डोक्यात 'उलटं लिहिलं की वेगळी नोंद' हे घट्ट बसतं. त्याच दिवशी पुढचं गणित येतं: तीन मुलगे आणि दोन मुली यांतून दोघांची समिती निवडा. पोरगं इमानदारीत २० नोंदी लिहितं आणि पुस्तकाच्या मागे बघतं तर १०. इथे पोराचा संताप मला शंभर टक्के रास्त वाटतो. उत्तर असं, की समितीत पहिला-दुसरा अशा खुर्च्या नाहीत, म्हणून १०. पण खरी गंमत पुढे आहे. दोन्ही मुलीच निवडल्या जाण्याची शक्यता त्या २० च्या यादीवरूनही बरोबरच निघते, कारण १० पैकी १ आणि २० पैकी २ एकच. एक माणूस समितीत दोनदा बसू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडी इमानाने दुप्पट होते, वजनं सारखी राहतात. फाशांत (३,३) दुप्पट होत नाही, म्हणून तिथे उलटसुलट जोड्या गाळल्या की वजनं बिघडतात. हे एवढं सांगायला शिक्षकाला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं बहुधा 'समितीत क्रम नसतो, पाठ करा' या वाक्यात जातात.

०, १, २, ३ हे अंक घेऊन दोन अंकी संख्या करतानाचा सापळा मात्र बारकाच: ०१ ही दोन अंकी संख्या नव्हे, ती एक आहे, टोपी घालून आलेली. अंक पुन्हा न घेता ९ संख्या, पुन्हा घेता आले तर १२. बाकी सगळी चूक प्रश्न नीट न वाचण्याची.

पत्त्यांचं दुःख वेगळं. गणित म्हणतं ५२ पत्ते. घरातल्या कॅटात ५१ असतात आणि एका जोकरवर बॉलपेनने 'बदाम सत्ती' लिहिलेलं असतं. इस्पिक, किलवर, चौकट, बदाम प्रत्येकी १३, लाल २६, काळे २६, चित्रांचे पत्ते १२. एक्का त्या बारांत नाही, त्याचा रुबाब कितीही असो. मोबाइलवर वाढलेल्या पोराला किलवर म्हणजे काय तेच माहीत नसतं. पूर्वी 'पत्ते कुटू नका, अभ्यास करा' म्हणणाऱ्या घरांत आता अभ्यासासाठी पत्ते कुटायला बसवावं लागतं.

आणि मग कुणीतरी माळ्यावरून अष्टचंगाचा पट आणि चार कवड्या काढतं. सगळ्या उताण्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. सगळ्या पालथ्या तर अष्ट, म्हणजे आठ. नाहीतर जितक्या उताण्या तितकं दान. दिसतात पाच दानं. रकाने पाडले की १६ ओळी: अष्टाची १, एकाच्या ४, दोनाच्या ६, तिनाच्या ४, चंगाची १. पोरगं खूश होऊन १६ ने भागायला घेतं, तोच त्याचा हात धरावा लागतो. कवडीची पाठ फुगीर, तोंडाची बाजू चपटी. उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखीच असेल, असं मानायला काही आधार नाही. यादी चोख, पण वजनं अज्ञात. इथे कागद बाजूला ठेवून कवडीच टाकावी लागते: एकेक कवडी घ्या, सतरंजीवर दोनशे वेळा टाका, पाच-पाचच्या जुड्यांत रेघा मारा, चारही कवड्यांची नोंद वेगवेगळी ठेवा. विसाव्या-पंचविसाव्या फेकीला पोरगं विचारतं, "आता उताणी पडेल का हो?" आणि पेपरमधून मान वर न काढता आजोबा उत्तर देतात.