‘काळजी’ या शब्दाबद्दल

घरच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली टाकताना फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत, कोणती निवडावी, यावर गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं. एकच डिस्क असेल, यूपीएस नसेल, तर ईएक्सटी४ घ्या, असा सल्ला दिला होता. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने ही प्रतिक्रिया आली:

“काका, जमाना कुठे गेला आणि तुम्ही कुठे आहात? ईएक्सटी४ डेटाचे चेकसम ठेवत नाही, स्नॅपशॉट नाहीत, कॉम्प्रेशन नाही. फेडोराने २०२० मध्येच बीटीआरएफएस घेतली. राखीव पाच टक्के जागा जर्नलसाठी असते हे तर साफ चुकीचं लिहिलंय. ज्याला स्वतःच्या डेटाची काळजी आहे तो आज ईएक्सटी४ निवडूच शकत नाही.”

नवख्यांसाठी: बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम आणि फेडोरा हा लिनक्सचा एक प्रकार. चेकसम म्हणजे मजकूर बिघडला का हे ओळखायचा आकडा, स्नॅपशॉट म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, कॉम्प्रेशन म्हणजे मजकूर दाबून कमी जागेत ठेवणं आणि जर्नल म्हणजे करायच्या बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद.

आधी माझी चूक. ती पाच टक्के जागा जर्नलची नसते, रूटसाठी, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य खात्यासाठी, राखलेली असते. डिस्क गच्च भरली तरी यंत्रणेला स्वतःची कामं करता यावीत म्हणून ती सोय आहे. एक टीबीच्या डिस्कवर ती साधारण पन्नास जीबी होते, आणि नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस’ ही आज्ञा वापरून कमी करता येते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘काका’. वयाने मी काका आहेच, आमच्या चाळीतली मुलंही मला काकाच म्हणतात. पण ती काहीतरी विचारायला येतात तेव्हा म्हणतात. तुम्ही तो शब्द वाक्याच्या तोंडाशी ठेवलात तो पुढचं बोलणं उडवून लावायला. समोर बसून बोलत असता तर असं म्हणाला असता का, एवढं स्वतःला विचारा.

आणि जमान्याचंच म्हणाल तर तारखा बघून बोलायला हवं होतं. ईएक्सटी४ स्थिर म्हणून जाहीर झाली ती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या २.६.२८ या आवृत्तीत, डिसेंबर २००८ ला. बीटीआरएफएस मुख्य कर्नलमध्ये आली २.६.२९ मध्ये, मार्च २००९ ला. दोघींत तीन महिन्यांचं अंतर आहे. त्यातली एक आजोबांच्या काळातली आणि दुसरी उद्याची, असं कसं होईल? फेडोराचं तुम्ही सांगितलंत ते खरं आहे. त्याच घराण्यातल्या रेड हॅट एंटरप्राइझने २०१९ च्या आठव्या आवृत्तीत बीटीआरएफएस काढून टाकली, हेही तितकंच खरं आहे. ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. मला लागलं ते तुमचं शेवटचं वाक्य. ‘ज्याला स्वतःच्या डेटाची काळजी आहे तो.’ म्हणजे मला नाही.

मी पंचवीस वर्षं डीटीपी करतोय. पहिलं लिनक्स टाकलं ते पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकावर. तेव्हा ईएक्सटी२ होती, तिला जर्नल नव्हतं. वीज गेली की परत चालू करताना अख्खी डिस्क तपासली जायची आणि आम्ही पडद्यावर सरकणारी टक्केवारी बघत बसायचो. कधी सगळं सुखरूप निघायचं, कधी ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांच्या फायली पडलेल्या असायच्या. त्यातली कुठली कोणाच्या लग्नपत्रिकेची आणि कुठली कोणाच्या पुस्तकाची, हे एकेक उघडून शोधलं आहे. लोकांचं लिखाण आपल्या डिस्कवर असणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं. म्हणजे दिवाळी अंकांच्या कामाचा ऐन हंगाम. दादरच्या आमच्या दुकानात दोन संगणकांवर एकाच अंकाचं काम चालू होतं. यूपीएसची बॅटरी मेलेली, टाळेबंदीत नवी आणायची राहून गेलेली. ती हयगय माझीच. एका संगणकावर ईएक्सटी४ होती आणि दुसऱ्यावर, होय, बीटीआरएफएस. हौसेने मीच टाकली होती. तुम्ही समजता तसा मी तिला न वापरता नावं ठेवत नाही.

वीज आल्यावर ईएक्सटी४ चा संगणक जर्नल वाचून दोन मिनिटांत उभा राहिला. शेवटची दुरुस्ती तेवढी गेली. दुसऱ्याने ‘पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ असं म्हणून डिस्क माउंट करायलाच, म्हणजे वापरायला उघडून द्यायलाच, नकार दिला.

तुम्ही म्हणाल, दोष डिस्कचा. मान्य. बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर लिहीत नाही. नवं लिखाण नव्या जागी करते, त्याचा नवा नकाशा लिहिते आणि शेवटी ‘आता हा नकाशा खरा’ अशी नोंद करते. सगळं ठरल्या क्रमाने झालं तर मध्येच वीज गेली तरी जुना नकाशा शाबूत राहतो. रचना सुंदर आहे, मी ती आवडीने वाचली आहे. पण ती डिस्कच्या शब्दावर चालते. डिस्कने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं आणि मजकूर अजून तिच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, असला, तर नोंद रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. आमची डिस्क जुनी, स्वस्तातली होती. घरोघरी अशाच डिस्का असतात आणि माझा लेख घरांसाठीच होता.

त्या रात्री ‘बीटीआरएफएस रिस्टोअर’ चालवून बऱ्याच फायली बाहेर काढल्या. ‘चेक’ या तपासणीच्या आज्ञेला ‘रिपेअर’ (दुरुस्ती) लावायचा मोह झाला होता, पण जाणकाराने सांगितल्याशिवाय ते वापरू नका असा इशारा तिच्याच माहितीपुस्तिकेत आहे, म्हणून हात आवरला. चार कथांच्या दुरुस्त्या गेल्या. कागदी प्रुफं जपून ठेवली होती, त्यावरून दोन दिवसांत पुन्हा घातल्या. अंक वेळेवर निघाला. लेखकांपैकी कोणाला काही कळलंही नाही. आता सांगा, काळजी कोणाला नाही?

चेकसमचा तुमचा मुद्दा. ईएक्सटी४ फक्त मेटाडेटाचे, म्हणजे फायलींबद्दलच्या नोंदींचे, चेकसम ठेवते, फायलींच्या आतल्या मजकुराचे नाही. बरोबर. बीटीआरएफएस दोन्हींचे ठेवते. पण एकाच डिस्कवर मजकुराची दुसरी प्रत सहसा नसते, त्यामुळे फाइल बिघडल्याचं ती सांगते, दुरुस्त करून देत नाही. आईचा फोटो खराब झालाय हे कळणं उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही. तो परत मिळतो मात्र दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीतूनच. ती प्रत कशी ठेवायची, यावर माझ्या लेखात सहा परिच्छेद होते. तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक शब्द नाही. लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका मला येते आणि ती मी लपवत नाही.

स्नॅपशॉट आणि कॉम्प्रेशनबद्दल इथे वाढवत नाही. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्कबरोबर तोही जातो, एवढं पुरे.

ज्यांच्यासाठी मी लिहितो त्यांच्यापैकी एक आजी आहेत, लालबागच्या. मुलगा परदेशी. त्यांचा संगणक अडला तर त्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेतात. त्या पोराला ईएक्सटी४ ची डिस्क तपासता येते, त्याच्याकडे ती रोज येते. बीटीआरएफएस समोर आली तर तो ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणतो, हे मी त्याच्याच दुकानात उभं राहून ऐकलं आहे. डिस्कवर कोणती फाइल सिस्टिम टाकायची हे ठरवताना मी त्या पोराचाही विचार करतो. तुमच्याकडे दोन डिस्का असतील, यूपीएस असेल, आज्ञा पाठ असतील, तर खुशाल बीटीआरएफएस वापरा. लेखातही मी हेच म्हटलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात.

तुमची प्रतिक्रिया लेखाखाली आहे तशीच ठेवली आहे, काढणार नाही. त्या शेवटच्या वाक्याबद्दल मात्र तुमच्याकडून दोन शब्द यावेत अशी अपेक्षा आहे. ते आले की स्नॅपशॉटवर हवं तितकं बोलू.