मुंबईदर्शनाच्या त्या मेसेजबद्दल थोडा खुलासा

‘पंचम जॉर्ज १९११ साली गेटवे ऑफ इंडियातून मुंबईत शिरला, गर्दी टाळायची तर घारापुरी सोमवारी करा’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले, हे खरं. पण तेव्हा ही कमान होतीच कुठे? स्वागताला उभा होता तो पुठ्ठ्याचा देखावा. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ला, आणि जॉर्ज विटेटच्या आराखड्याची ही बेसॉल्टची वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ला. गंमत म्हणजे, २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच बोटीत चढली. आगमनापेक्षा मला हीच गोष्ट सांगण्यासारखी वाटते.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. तासभर लाँचमध्ये बसून, मग पायऱ्या चढून वर जायचं आणि बंद फाटक बघून परतायचं! मंगळवारी जा, सकाळची पहिली लाँच धरा. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. मग त्रिमूर्तीचा मधला शांत चेहरा हळूहळू उजळत जातो. आणि हो, वरच्या वाटेवर खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माकडं तयारच असतात.