असेंब्ली लाईन सगळीकडेच स्वस्त पडते का? एक खुलासा

‘फोर्डने साडेबारा तासांची गाडी दीड तासात बनवली, म्हणून बॅच पद्धत कालबाह्य, लाईन टाका, खर्च घटेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. (असेंब्ली लाईन म्हणजे वस्तू पुढे सरकत जाते आणि प्रत्येक कामगार त्यावर ठरलेलं एकच काम करतो; बॅच पद्धत म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा ठरावीक गट बनवून मग पुढचा गट घेणं.) त्यातली अर्धीच गोष्ट खरी आहे.

फोर्डच्या अमेरिकेतल्या हायलंड पार्क कारखान्यात 1913-14 मध्ये ही वेळ खरोखर घटली, पण ती फक्त चॅसिस (गाडीचा सांगाडा) जोडणीची. अख्खी गाडी दीड तासात तयार होत नव्हती. शिवाय फोर्डचं मॉडेल टी हे गाडीचं मॉडेल 1908 ते 1927 जवळपास तेच राहिलं, म्हणून लाईन परवडली. 1927 मध्ये मॉडेल बदलायची वेळ आली तेव्हा उत्पादन सुमारे सहा महिने ठप्प होतं! मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

बॅच पद्धतही कालबाह्य नाही. कुठलीही गोळ्यांची स्ट्रिप उलटून बघा, बॅच नंबर दिसेल. दोष सापडला तर तेवढीच बॅच परत मागवता येते. मोठं जहाज किंवा खास साचा तर आजही ऑर्डरप्रमाणेच बनतो.

मागणी किती, प्रकार किती, डिझाइन किती वेळा बदलतं, यावर पद्धत ठरते. असल्या मेसेजवर विसंबून कुणी लहान कारखानदार कर्ज काढेल, याची मला खरंच काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.