एसएमपीएसवर एवढे पैसे कशाला? परभणीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

नव्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. कॉम्प्युटरसाठी ४० हजारांच्या आतबाहेरचं बजेट असताना मी पोरांना रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यायला लावतो, ग्राफिक्स कार्ड पुढे घ्या म्हणतो आणि चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), जाळीचं कॅबिनेट, यूपीएस असल्या ‘गेममध्ये न दिसणाऱ्या’ वस्तूंवर पैसे घालवतो. त्यापेक्षा आय३-१२१००एफ प्रोसेसर, सेकंडहँड आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड आणि दुकानातला साधा एसएमपीएस घेतला तर एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट मिळतात. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘आपल्याकडं घरातून पैसा एकदाच सुटतो. कार्ड पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही.’

एफपीएसबद्दल वादच नाही. आरएक्स ५८० हे ४ किंवा ८ जीबीचं स्वतंत्र कार्ड आहे, ५६००जीच्या पोटातलं व्हेगा ७ हे ग्राफिक्स त्याच्या जवळपासही जात नाही. व्हॅलोरंट, जीटीए व्ही हे गेम व्हेगावर लो-मीडियम सेटिंगला चालतात. नवे जड गेम चालत नाहीत, आणि ते मी लेखातही लिहिलं आहे. माझं अडतं ते तुमच्या यादीतल्या ‘साध्या एसएमपीएस’पाशी.

त्या डब्यावरचं स्टिकर एकदा वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० किंवा ५०० वॅट असतं, पण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जेवतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आता खर्च बघा. आरएक्स ५८० चा अधिकृत आकडा १८५ वॅट, १२१००एफ जोर लावला की ८९ पर्यंत जातो. बेरीज २७४. पंख्याच्या वायरवर पाच एचपीची मोटर चालवण्यातला हा प्रकार आहे. विंडोज उघडेल, गाणी वाजतील, आणि गेम रंगात आला की मशीन फटकन बंद होईल. तेवढ्यावर निभावलं तर नशीब, कारण हलक्या डब्यात संरक्षणाचं सर्किट अनेकदा नावालाच असतं आणि तो जाताना मदरबोर्डला, कार्डलाही सोबत नेऊ शकतो.

आणि हे झालं वीज सरळ असताना. आपल्याकडची वीज तुम्हाला मी काय सांगू? कागदावर २३० व्होल्ट, पण उन्हाळ्यात रात्री सगळ्या घरांत कूलर लागले की डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात व्होल्टेज १७०-१८० वर येतं. म्हणून स्टिकरवरची इनपुटची ओळ बघा असा माझा आग्रह असतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलांतही काहींवर २००-२४० लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्याला या ओळीने फरक पडत नाही, त्यामुळे तो ती दाखवतही नाही. गंगाखेड, सेलू, वसमतच्या पोराला पडतो. १००-२४० वाला डबा १७० वर शांतपणे काम करतो, दुसरा तिथेच मान टाकू शकतो. मागे ११५/२३० चं लाल बटण असलेला डबा तर घेऊच नका. ती जुनी बनावट आहे.

जास्त व्होल्टेजवर मात्र कुठलाच एसएमपीएस पुरा पडत नाही. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपासही व्होल्टेज येऊ शकतं. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा सुकलं आहे. खड्ड्यात पाणी घाला, तरी थांबलं नाही तर आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटर नंतर लावा.

यूपीएसचं गणितही असंच. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ५६००जीचं बिनकार्डाचं मशीन आणि मॉनिटर तो आरामात उचलतो, लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. तोच यूपीएस आरएक्स ५८० वर गेम चालू असताना टूं करून बसू शकतो. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचतील.

जाळीच्या कॅबिनेटवर फार लिहीत नाही. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ वर असतो, खोली पत्र्याची असेल तर आत आणखी. समोर काच असलेल्या कॅबिनेटमध्ये त्या हवेला वाटच नसते. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट मशीनवर घेऊ नका.

आता सेकंडहँड आरएक्स ५८०. हे कार्ड २०१७ चं. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली, त्यात ही भरपूर होती. ‘२०४८एसपी’ नावाची कापलेली आवृत्तीही त्याच नावाने विकली जाते. पूर्ण कार्डात २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग) असतात, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून आकडा बघा. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून एएमडीने या पिढीचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले आहेत, तिथे मुख्यतः गरजेच्या दुरुस्त्याच येतात. असं कार्ड ‘चेकिंग वॉरंटी’वर, म्हणजे दुकानात चालवून बघण्यापुरत्या हमीवर घेताना पोराच्या हातात काय उरतं? आणि कार्ड गेलं तर १२१००एफवर स्क्रीनच येणार नाही, कारण ‘एफ’वाल्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, सगळं अडतं. ५६००जीवर कार्ड महिनाभर पुण्याला सर्व्हिसला गेलं तरी मशीन चालू राहतं.

तुमचं शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं आहे. सोयाबीनचे पैसे आले, त्यातून बापाने एकदाच मोकळा हात केला. ‘पुढच्या वर्षी’ला त्या घरात अर्थ नसतो हे मलाही दिसतं. पण पैसा एकदाच मिळणार असेल तर तो जळेल अशा ठिकाणी लावायला माझा हात धजत नाही. कार्ड आत्ताच हवं असेल तर कात्री दुसरीकडे लावू. मॉनिटर नवा घेऊ नका, घरातला एलईडी टीव्ही एचडीएमआयने जोडा आणि त्याचा गेम मोड चालू करा. मदरबोर्ड ए५२० चा, म्हणजे साधा, चालेल, लाइटवाले पंखे नकोत. रॅम जुनी चालते, मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवून घ्या. २०२५ च्या शेवटापासून नव्या रॅमचे भाव चढल्यामुळे ही बचत लहान नाही. प्रोसेसरही जुना चालतो, फक्त खालच्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते उजेडात बघा. जुना एसएमपीएस आणि जुनी हार्डडिस्क मात्र कधीच नाही. एवढं करून आरएक्स ६६०० बिलासह, वॉरंटी शिल्लक असलेलं मिळालं तर जरूर घ्या. ते १३२ वॅटवर चालतं आणि आरएक्स ५८० पेक्षा बरंच पुढे आहे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. त्याला पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत, ५६००जी जुन्या, हळू ३.० वर थांबतो, आणि ४ जीबी मेमरीमुळे तो फटका थेट गेममध्ये जाणवतो.

दोनऐवजी १६ जीबीची एकच रॅम घ्या असंही तुम्ही लिहिलंत. कार्ड असेल तर तसं एक वेळ चालेल. कार्ड नसताना व्हेगाला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम एकटी सेकंदाला २५.६ जीबी देते, ८-८ ची जोडी ५१.२. म्हणून जोडीच घ्या आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं का ते दुकानदारासमोर बघा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा २६६६ किंवा त्याखाली चालते.

तुमच्या भाच्यासाठी मशीन ठरवताय असं लिहिलं आहे. दुकानदाराने दिलेलं कोटेशन आणि एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो इथे खाली टाका. १२ व्होल्टचा रकाना आणि इनपुटची ओळ स्पष्ट दिसू द्या, बेरीज करून सांगतो.