‘दुकानातच’ ना तू?

मी फार्मसी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषधं काढून, मोजून, भरून देणारी. सहा वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली आणि मग औषधांच्या दुकानात आले. तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे, तोही ‘च’वर जोर देऊन. जणू शिडीवरून पाय घसरून खाली पडले. परवा कोर्स संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका मुलीचा मेसेज आला, "ताई, दोन्हीकडून बोलावणं आलंय. टेक्निशियनला हॉस्पिटलच चांगलं ना?" दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, ते लांबतच गेलं. म्हणून इथे टाकते.

आधी हॉस्पिटलचं, कारण रुबाब तिथे आहे. गाऊन, टोपी, मास्क, ग्लोव्हज चढवून हूडसमोर, म्हणजे इंजेक्शनं जंतूविरहित तयार करायच्या कपाटासमोर, बसलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. वाटायलाही हवं, कारण ते काम खरंच कसबाचं आहे. हूडमधून गाळलेली हवा सतत वाहत असते. त्या हवेच्या आणि बाटलीच्या तोंडाच्या मध्ये आपला हात येऊ द्यायचा नाही, एवढं अंगवळणी पडायलाच कित्येक दिवस जातात. बाटलीचं रबर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. नव्या मुलांना नेमकं हे थांबणं जमत नाही. पुसलं की सुई खुपसायची घाई! अरे बाबांनो, तेवढ्या वेळातच तर जंतू मरतात.

विन्क्रिस्टिनचं उदाहरण घ्या. कॅन्सरचं औषध, फक्त शिरेतून द्यायचं. चुकून पाठीच्या मणक्यात दिलं गेलं तर रुग्ण जवळजवळ हमखास जातो. जगात असं अनेकदा झालंय, कारण मणक्यात द्यायचं दुसरं औषधही तशाच सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवलेलं असायचं. म्हणून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की हे सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत पातळ करून पाठवा. पिशवी कोणी मणक्याला लावायला जाणार नाही. इतका साधा उपाय. आणि ती पिशवी भरणारे हात बऱ्याच ठिकाणी टेक्निशियनचे असतात.

हेच हात चुकले तर काय होतं, तेही सांगायला हवं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 2 वर्षांच्या मुलीची किमोची पिशवी तयार करताना टेक्निशियनने नेहमीच्या 0.9 टक्के सलाइनऐवजी 23.4 टक्क्यांचं तीव्र द्रावण वापरलं. फार्मासिस्टच्या तपासणीतूनही ते निसटलं. मुलगी गेली. त्यानंतर 2009 मध्ये त्या राज्यात टेक्निशियनसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करणारा कायदा झाला. त्याआधी तशी सक्ती नव्हती, हे मला अजून पचत नाही.

तरीही माझं म्हणणं असं, की हॉस्पिटलमध्ये आपल्यामागे जाळी असते. ती फाटते, वर सांगितलंच, पण असते. मी भरलेलं फार्मासिस्ट बघतो, वॉर्डात सिस्टर बघते, बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन होतो. दुकानात फार्मासिस्टने बघितलं आणि पिशवी काउंटरवरून पलीकडे गेली, की संपलं. पुढची तपासणी ज्याला बरं नाही त्याने घरी, चष्मा शोधत करायची. मग सांगा, जबाबदारी कुठे कमी?

हॉस्पिटलमधली एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत सवयीची झाली नाही. वॉर्डातून परत आलेली औषधं. प्रत्येक बेडचा कप्पा असतो, त्यातलं न वापरलेलं खाली येतं आणि आपण बॅच, एक्सपायरी बघून पुन्हा जागेवर लावायचं. एका बेडची औषधं मी तीन आठवडे रोज भरत होते. डोस वाढला, मग दुसरं अँटिबायोटिक आलं, मग गोळ्या बंद होऊन सगळं इंजेक्शनवर गेलं. एका सकाळी अख्खा कप्पा परत आला, दुपारचा डोससुद्धा तसाच. घरी गेले की गेलेच? कागदावर फक्त बेड नंबर. विचारता आलं असतं म्हणा. मी विचारलं नाही. एक्सपायरी बघितली आणि लावून टाकलं.

दुकानात हे होत नाही. तिथे औषधाला तोंड असतं, आणि ते बोलतं. बहुतेक वेळा आपल्यावर खेकसतं, हा भाग वेगळा.

एक आजी आल्या. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं, आठवड्यातून एक गोळी. चार आठवड्यांच्या चार गोळ्या दिलेल्या. पाचव्या दिवशी काउंटरवर हजर. "संपल्या गं बाई, परत दे." मी स्क्रीनवरची तारीख बघितली, पुन्हा बघितली. आजी बोलताना तोंड वेडंवाकडं करत होत्या, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तोंड आलंय, तिखटाचं नावही काढवत नाही." लेबलवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेलं होतं, पण त्यांनी खोकं फेकून दिलं होतं आणि सगळ्या गोळ्या एकाच डबीत भरल्या होत्या. बाकीच्या रोजच्या, म्हणून हीसुद्धा रोज. आणि हे औषध रोज घेतलं की अंगावर उलटतं, तोंड येणं ही त्याचीच खूण.

सल्ला देणं माझं काम नाही. टेक्निशियनने ती रेघ ओलांडायची नसते. मी फक्त आत जाऊन फार्मासिस्टला म्हटलं, "पाच दिवस, चार गोळ्या, तोंडात फोड." तो हातातलं सगळं टाकून उठला. डॉक्टरांना फोन झाला आणि आजी त्याच दिवशी भरती झाल्या. तिथे त्यांना उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिलं. ते ज्या टेक्निशियनने काढून दिलं असेल, तिला या आजी दिसल्याच नसतील. बेड नंबर दिसला असेल.

आजी बऱ्या झाल्या. तेव्हापासून मेथोट्रेक्सेटच्या लेबलवर आम्ही वारही घालतो, ‘फक्त सोमवारी’.

नावांचा घोळ दोन्हीकडे सारखाच. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. फळीवर मात्र शेजारी शेजारी. इंग्रजीत यावर तोडगा म्हणून नावातली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2001 मध्ये हे सुरू केलं. (आपल्या लिपीत मोठं अक्षर-छोटं अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे इथे दाखवता येत नाही. हातवारे करून सांगितलं असतं.) फरक इतकाच, की हॉस्पिटलमध्ये मी ही नावं शांत खोलीत वाचत होते. दुकानात एका कानाला फोन, समोर चार माणसं, त्यातला एक "फक्त एकच विचारायचंय" म्हणणारा, आणि गोळ्या मोजताना मध्येच बोललं की मोजणी पहिल्यापासून. मी तर आता सरळ बोट वर करते आणि मोजून झाल्याशिवाय वर बघत नाही. उद्धट म्हणतात. म्हणू देत.

बाकी कुरकुरी ठरलेल्या. पाय दोन्हीकडे दुखतात. फ्रिजचं तापमान दोन्हीकडे लिहावं लागतं, 2 ते 8 अंश, आणि इन्सुलिन गोठलं तर फेकावं लागतं. हॉस्पिटलच्या नाईट शिफ्टने माझी झोप मोडली ती अजून जुळलेली नाही. आणि दुकानात जे औषध कंपनीकडूनच येत नाही, त्याचा जाब मला विचारला जातो.

तर त्या मुलीला मी लिहिलं, की आधी हॉस्पिटल घे. हाताला वळण तिथे लागतं, आणि वाळेपर्यंत थांबायची सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते. पण दोन-तीन वर्षांनी दुकानात ये, आणि येताना खाली उतरतेस असं समजून येऊ नकोस. मला विचारशील तर काउंटर जास्त अवघड आहे. हूडसमोर एकच गोष्ट करायची असते. काउंटरवर मोजायचं, ऐकायचं, तारीख बघायची, आणि समोरची बाई तोंड का वाकडं करतेय हेही दिसायला हवं. हे शेवटचं परीक्षेत कुठे विचारतात?

एवढं सगळं वाचून तिचं उत्तर आलं, "ताई, पण हॉस्पिटलमध्ये नाईट शिफ्ट असते का?"